अहवाल कोणाच्या हाती?

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२३ साली शहरातील कामगारांच्या घरखर्चावरचा एक अहवाल प्रसिद्ध केला. अहवाल फिंडले शिरास यांचा. त्यात आकड्यांच्या कोष्टकांमध्ये एक तुलना आहे. मुंबईचा कामगार जेवढे धान्य खातो, ते दुष्काळी संहितेत मंजूर केलेल्या कमाल शिध्याइतके भरते. पण मुंबईच्या तुरुंग-नियमावलीत कैद्यासाठी ठरवून दिलेल्या धान्यापेक्षा ते कमी पडते. हे विधान कोणा पुढाऱ्याने सभेत केलेले नाही. सरकारी सांख्यिकाने सरकारी खर्चाने छापलेल्या पुस्तकात ते केले आहे. पुढे साम्राज्यशाहीवर टीका करणाऱ्या लेखकांनी ते उचलले आणि कित्येक वर्षे वापरले.

सरकारी संशोधनाविषयी आपल्याकडे दोन समजुती आहेत. पहिली अशी की, सरकारी अहवाल धूळ खात पडण्यासाठीच लिहिले जातात. दुसरी अशी की, सरकारने अभ्यास केला म्हणजे प्रश्न निम्मा सुटला. शिरास यांचा अहवाल पहिलीला खोटे ठरवतो. दुसरी खरी का नाही, ते पुढे पाहू. माझ्या मते अशा कोणत्याही अहवालाला तीन प्रश्न विचारावेत. काय मोजले? ज्याला मोजले त्याला ते सांगितले का? आणि कळल्यावर त्याला काही करता येईल अशी सोय होती का? पहिल्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले जाते. दुसरा आणि तिसरा बहुधा कोणी विचारत नाही.

शिरास यांच्या अहवालात कामगाराच्या पोटात जाणाऱ्या धान्याचे मोजमाप आहे. घरखर्चाच्या पाहणीत ते असणारच. त्याच कामगाराच्या छातीत जाणाऱ्या कापसाच्या धुळीचे मोजमाप मात्र त्यानंतरही कित्येक दशके कोणी मनावर घेतले नाही. त्या धुळीपासूनच सुरुवात करतो.

सोमवारचा आजार

कापसाची गाठ फोडून तो पिंजण्याचे काम ब्लो रूममध्ये होते आणि तंतू विंचरण्याचे काम कार्डिंग खात्यात. बोंडाबरोबर आलेला पालापाचोळा, देठांचा चुरा आणि त्यावरच्या जिवाणूंचे विषारी अंश या दोन खात्यांत सर्वांत जास्त उडतात. वर्षानुवर्षे ही हवा घेणाऱ्या माणसाला एक विचित्र आजार होतो. आठवड्याच्या सुटीनंतर तो कामावर येतो, काही तासांत छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. मंगळवारी बरे वाटते. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. काही वर्षांनी मंगळवारही सोमवारसारखा होतो, मग बुधवार, आणि शेवटी सुटीच्या दिवशीही जिना चढवत नाही. वैद्यकशास्त्रात याला बिसिनोसिस म्हणतात. तलम तागाच्या कापडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले.

मँचेस्टर विद्यापीठातील डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. अधूनमधून एखाद्या सोमवारी छाती आवळते, ती अर्धी पायरी. दर सोमवारी आवळते, ती पहिली. सोमवारी आणि इतर दिवशीही आवळते, ती दुसरी. श्वसनाची शक्ती कायमची घटली, ती तिसरी. या पद्धतीत क्ष-किरणांपेक्षा कामगाराला विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. छाती भरते का? कोणत्या वारी? निदान उभे राहते ते कामगाराच्या उत्तरावर. त्याचा शब्द हेच इथले पहिले उपकरण आहे.

एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. सोमवारचा आजार दिसायला रविवारची सुटी लागते. मुंबईच्या गिरण्यांत ही सुटी आपोआप आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन केले, त्यात आठवड्याच्या सुटीची मागणी होती. मालकांनी ती मान्य केली १८९० साली. त्याआधी कामाला खंडच नव्हता, त्यामुळे कामावर परतल्यावर होणारा त्रास वेगळा ओळखताही आला नसता. चळवळीने मिळवलेल्या सुटीनेच आजाराला वार मिळवून दिला. पण तो वार विचारणारा कोणी यायला आणखी बराच काळ जावा लागला. हिंदुस्थानात हा रोग फारसा नाही, असेच दीर्घकाळ मानले जाई.

याला भाषेचाही हातभार लागला. गिरणगावात या त्रासाला म्हणत दमा. दमा हा शब्द माणसाला चिकटतो. अमक्याच्या बापालाही होता, अमक्याची प्रकृतीच तशी, वर विडीचे व्यसन. क्षय म्हणावे तर दोष चाळीतल्या अंधाऱ्या खोलीकडे जातो. दोन्ही शब्दांत गिरणी नाही. बिसिनोसिस हा उच्चारायला अवघड शब्द आहे खरा, पण त्या शब्दात कापूस आहे, खाते आहे आणि मालक आहे. गिरणगावावरचे जे मराठी ललित लेखन माझ्या वाचनात आले, त्यात खोकणारा बाप वारंवार भेटतो; त्या खोकल्याचे कारण गरिबी असते, दारू असते, क्वचित नशीब असते. कार्डिंग खाते असल्याचे फारसे दिसत नाही. लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. जे नाव समाजात पोहोचलेच नाही, ते कथेत कुठून येणार?

मग सहज वाटते की, सरकारने वेळीच संशोधन केले असते तर सारे बदलले असते. या भाबड्या आशेला छेद देणारे एक प्रकरण अमेरिकेत घडले.

मोजले, पण सांगितले नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवे होते. कोलोरॅडो, युटा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको या राज्यांच्या पठारी भागात खाणी सुरू झाल्या. कामावर गोरे खाणकामगार होते, तसेच नावाहो जमातीचे आदिवासीही. खनिज विकत घेणारा एकच: सरकारचा अणुऊर्जा आयोग. अशा खाणींत माणसे फुप्फुसाच्या रोगाने मरतात, हे युरोपात जर्मनी-बोहेमियाच्या सरहद्दीवरील खाणींमुळे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५०च्या सुमारास या खाणकामगारांचा अभ्यास हाती घेतला. डंकन हॉलडे या तज्ज्ञाने खाणींतील रेडॉन वायू मोजला. प्रमाण भयंकर निघाले. उपाय काही चंद्रावरून आणायचा नव्हता. खाणीत हवा खेळती ठेवणारे पंखे बसवायचे होते. हॉलडे तसे वरिष्ठांना, राज्यांना आणि कंपन्यांना सांगत राहिला. पण खाणीत शिरायला कंपन्यांची परवानगी हवी होती, आणि ती या समजुतीवर मिळाली होती की कामगारांना घाबरवून सोडायचे नाही. अणुऊर्जा आयोगाने खाणींतील सुरक्षा ही राज्यांची जबाबदारी म्हणून हात झटकले. तपासणीला येणाऱ्या खाणकामगारांना खरा धोका सांगितला गेला नाही. ते येत राहिले, छातीचे फोटो काढून घेत राहिले आणि पुन्हा खाणीत उतरत राहिले.

शास्त्र म्हणून हा अभ्यास उत्तम होता. चार हजारांहून अधिक माणसांचा माग वर्षानुवर्षे ठेवला गेला. किरणोत्सर्ग आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध त्यातून पक्का झाला. १९६०च्या दशकात तो नामांकित नियतकालिकांत छापून आला. श्रममंत्री विलर्ड वर्ट्झ यांनी केंद्र सरकारची मर्यादा जाहीर केली १९६७ साली. पहिल्या मोजमापापासून सतरा-अठरा वर्षे गेली होती. विधवांनी आणि आजारी कामगारांनी कोर्टात धाव घेतली तेव्हा १९८४ मध्ये न्यायालयाने त्यांचे दुःख मान्य केले, पण सरकारचा तो धोरणात्मक निर्णय होता म्हणून भरपाई नाकारली आणि संसदेकडे बोट दाखवले. संसदेने १९९० साली कायदा करून राष्ट्राच्या वतीने माफी मागितली आणि पात्र खाणकामगारांना एक लाख डॉलर देऊ केले.

या प्रकरणात संशोधन कमी पडले असे म्हणता येत नाही. मोजणी अचूक होती, नोंदी चोख होत्या. चूक होती ती अहवालाच्या पत्त्यात. तो वरिष्ठांकडे गेला, आयोगाकडे गेला, कंपन्यांकडे गेला, नियतकालिकांकडे गेला. ज्याच्या छातीवरून तो लिहिला गेला, त्याच्याकडे गेला नाही. कामगार या अभ्यासात नमुना होता, वाचक नव्हता.

मोजले आणि सांगितले

त्याच देशात त्यानंतर कापसाच्या धुळीचे प्रकरण वेगळ्या वाटेने गेले. उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनातल्या कापड गिरण्यांचे मालक १९६०च्या दशकाअखेरपर्यंत बिसिनोसिस अमेरिकेत नाहीच, असे सांगत. एका व्यापारी पत्राने तर हा रोग पैशाला विकल्या जाणाऱ्या डॉक्टरांनी शोधून काढल्याचे लिहिले. पण डिसेंबर १९७० मध्ये कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. त्याने दोन वेगळ्या संस्था निर्माण केल्या. ओशा ही नियम करणारी आणि तपासणी करणारी, श्रमखात्यात. नायोश ही केवळ संशोधन करणारी, आरोग्यखात्याकडे. नायोशने १९७४ साली कापसाच्या धुळीवर आपला शिफारसींचा दस्तऐवज ओशाला दिला. सरकारी संशोधनाला प्रथमच एक ठरलेला मुक्काम मिळाला: शिफारस ओशाच्या टेबलावर जाणार आणि तिचे काय झाले, हे चार लोकांना विचारता येणार.

या कायद्यात आणखी एक साधी तरतूद आहे. कामगारांच्या प्रतिनिधीने लेखी विनंती केली की नायोशला त्या जागी जाऊन धोका तपासावा लागतो आणि निष्कर्ष मालक व कामगार दोघांनाही कळवावा लागतो. व्यवहारात तीन कामगारांच्या सह्या पुरतात. युरेनियमच्या खाणीत संशोधक मालकाच्या परवानगीने शिरला होता. इथे तो कामगारांच्या सह्यांनी शिरू शकतो.

तरी नियम आपोआप झाला नाही. दम तुटलेल्या निवृत्त गिरणी कामगारांनी १९७५ साली कॅरोलिनात स्वतःची संघटना काढली. सरकारी सुनावण्यांत या म्हाताऱ्या माणसांनी साक्षी दिल्या. हा मुद्दा शास्त्राच्या दृष्टीनेही मोठा आहे. गिरणीत जाऊन कामावरच्या माणसांना तपासले तर जे टिकले तेच सापडतात; ज्यांना धुळीने बाहेर काढले ते घरी खाटेवर असतात आणि मोजणीतून सुटतात. आरेंड बौहायस या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात दक्षिण कॅरोलिनातील एका गावात निवृत्तांनाही तपासले. गिरणीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावरच नुकसानीचा खरा आकार दिसू लागतो.

ओशाने १९७८ साली मर्यादा घातली. सूतकताईत दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बारीक धूळ नको, विणाईला ७५०. हवा मोजल्यावर निकाल कामगाराला ठरावीक मुदतीत लेखी कळवायचा. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. कामगाराच्या आरोग्याच्या नियमाला फायदा-तोट्याचा हिशेब जुळवून दाखवण्याची अट नाही, असा निकाल १९८१ साली लागला. ओशाच्या सांगण्यानुसार १९७८ मध्ये या धंद्यातील सुमारे ४०,००० कामगारांना, म्हणजे वीस टक्क्यांना, बिसिनोसिस होता. २००० साली पाहणी केली तेव्हा प्रमाण एक टक्क्यावर आले होते. खर्चही मालकांनी बागुलबुवा केला होता त्याहून पुष्कळ कमी निघाला, कारण नवी यंत्रे धूळ कमी उडवत आणि माल जास्त काढत.

या यशाला एक बाजू आणखी आहे, ती झाकून चालणार नाही. या काळात कापडधंदा अमेरिकेतून मोठ्या प्रमाणावर बाहेर गेला. कापूस जगात कुठेतरी पिंजला जातच होता. म्हणजे धुळीचा काही भाग आटला आणि काही भाग फक्त गाव बदलून गेला. कोणत्या गावी गेला, ते मोजण्याचे काम ओशाचे नव्हते.

आपल्याकडचा रस्ता

भारतात सरकारी संशोधन नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अहमदाबादेत १९६६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची संस्था सुरू झाली; आज ती राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. अहमदाबादच्या संस्थेचे एक काम आपल्या पिढीला फार जवळचे आहे. आपण पाटीवर ज्या पेन्सिलीने अक्षरे गिरवली, त्या मोठ्या प्रमाणावर मध्य प्रदेशातील मंदसोरला तयार होत. तिथल्या कामगारांची तपासणी १९८०च्या दशकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या सुमारे सहाशे जणांपैकी निम्म्याहून अधिक माणसांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस होता. पाटीवरचा दगडी कण एका मुलाच्या बोटाला लागत होता, तोच कापताना दुसऱ्या माणसाच्या छातीत साठत होता. संस्था केवळ टक्केवारी देऊन थांबली नाही. करवतीपाशीच धूळ ओढून घेणारी व्यवस्थाही तिने सुचवली. सरकारी संशोधन चांगले असते तेव्हा कसे असते, याचा हा आपला घरचा दाखला.

मुंबईत चित्र निराळे. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९८०च्या आसपास गिरण्यांत पाहण्या केल्या होत्या. व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्र या कामगारांशी जोडलेल्या गटाच्या डॉक्टरांनी मुंबईतील एका गिरणीचा अभ्यास १९९५ साली वैद्यकीय नियतकालिकात छापला. ब्लो रूममध्ये सुमारे ३० टक्के आणि कार्डिंगमध्ये सुमारे ३८ टक्के कामगारांना बिसिनोसिस आढळला. हा रोग इथे फारसा नाही, या जुन्या समजुतीचे आणखी काय उरले? याच केंद्राने कामगारांना कामगार राज्य विमा योजनेच्या वैद्यकीय मंडळापुढे आपले दावे नेण्यास मदत केली.

पण तारखा पाहा. अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. हा अभ्यास छापून आला तोवर गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. रोगाला नाव मिळाले तेव्हा ज्या खात्यात तो झाला ते खातेच उरले नव्हते.

नावाचा रोग कायद्यात तर होता. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिस होता. कलम ८९ प्रमाणे व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरानेही तो सरकारला कळवायचा असे. कलम ९१-क नुसार सरकारी अधिकारी कारखान्यात आरोग्याची पाहणी करू शकत. या कलमाचा मसुदा लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. तपासणीत गेलेला कामगाराचा वेळ कामाचाच वेळ धरावा, इतकी काळजी त्यात घेतली होती. तयार होणारा अहवाल निरीक्षकाचा अहवाल मानावा, असेही म्हटले होते. तो कामगाराला दाखवावा, असे मात्र या कलमात नव्हते. १९८७च्या दुरुस्तीने १११-क हे कलम आले आणि आरोग्य व सुरक्षेची माहिती मिळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. ती मागायची कोणाकडे? भोगवटादाराकडे, म्हणजे मालकाकडे. ज्याच्याविरुद्ध माहिती वापरायची, त्याच्याच दारात ती मागायला उभे राहायचे. अमेरिकेतील तीन सह्यांच्या शेजारी हे कलम ठेवून पाहिले की फरक कळतो.

दुसरी भिंत भाषेची. विद्यापीठाबाहेर राहून हे अहवाल वाचणाऱ्याला ती पानोपानी लागते. गिरणीतल्या माणसाला प्रश्न विचारला गेला तो त्याच्या बोलीत: छाती कधी भरते, मामा? त्याने उत्तर दिले कोकणातल्या किंवा घाटावरच्या मराठीत. छापताना त्या उत्तराचे इंग्रजी कोष्टक झाले. जिथे मराठी सारांश निघतो, तिथे शब्द येतात: 'लक्षणे आढळून आली', 'प्रादुर्भाव निदर्शनास आला'. या कर्मणी प्रयोगात कोणीच काही केलेले नसते. धूळ कोणी उडवली, झडप कोणी बसवली नाही, यांपैकी कशालाही कर्ता नाही. आपण साहित्यात शब्दयोजनेची चिकित्सा करतो. मग ज्या वाक्यावर माणसाची भरपाई ठरते, त्याला कर्ता आहे की नाही, हे तपासायला काय हरकत आहे?

पुढची मोजणी

गिरण्या गेल्या तरी कापूस गेला नाही. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगमध्ये तो सोलला जातो, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणला जातो. ही कामे लहान लहान शेडमध्ये विखुरलेली आहेत. जुन्या अधिनियमात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हा आकडा वीसवर नेला; विजेविना चालणाऱ्या जागी वीसवरून चाळीसवर. कारखान्याचे नियम पाळावे लागणाऱ्या जागा यामुळे कमी होतात, हा मुद्दा संघटनांनी मांडला आहे. त्याच्या जोडीला मला दुसरी चिंता वाटते. जी जागा कारखानाच नाही, तिथली छाती कोणाच्या नोंदवहीत येणार? मर्यादा वाढवली की रोग कमी होत नाही, रोगाची नोंद कमी होते. मग वीस वर्षांनी कोणीतरी लिहील की, महाराष्ट्रातल्या यंत्रमागांवर हा रोग फारसा आढळत नाही. मुंबईबद्दल असेच म्हणत असत.

म्हणून संशोधनासाठी जास्त पैसा हवा, एवढीच मागणी मला अपुरी वाटते. पैसा हवाच. पण त्याबरोबर तीन अटी हव्यात. सरकारी पैशाने झालेल्या प्रत्येक पाहणीचा निष्कर्ष तपासलेल्या माणसाला त्याच्या भाषेत, कर्त्यासकट, लेखी मिळावा. मालकाला न विचारता काही कामगारांनी एकत्र सही केली तर सरकारी संशोधक तिथे यायलाच हवा, शेड वीस माणसांची असो की सहा. आणि मोजणी फाटकाच्या आत थांबू नये. जो काम सोडून गावी गेला, त्याच्या दारापर्यंत ती जावी. लालबाग-परळची खाती सोडून रत्नागिरी-सिंधुदुर्गात, सातारा-कोल्हापुरात परतलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या केसपेपरवर अजून दमा एवढेच लिहिलेले असेल. त्यांना कोणता वार जड जात असे, हे विचारून घ्यायला अजून थोडी वर्षे हाताशी आहेत.